तीन रिव्हर्स, एक फॉरवर्ड

लांजीला सासुरवाडीच्या दारात मी एकदा उलटा पोचलो होतो, ही गोष्ट खरी आहे. आमच्या नातेवाइकांत ती इतक्या तऱ्हांनी सांगितली जाते (एका तऱ्हेत मी प्यालेलोही असतो!) की शेवटी म्हटलं, मीच सांगून टाकलेली बरी.

तेव्हा बालाघाटात माझ्याकडे एक जुनी पिकअप होती. पेट्रोलची. म्हणजे ती पेट्रोल प्यायची आणि माणसांनी ढकललं की चालायची. आठवडी बाजारांना मिरची-कांद्याची पोती पोचवायची, एवढाच माझा धंदा. खैरलांजीच्या एका लग्नाहून येताना ती धानाच्या बांधीजवळ बंद पडली. माझी बायको शकुंतला खाली उतरली, नवं लुगडं खोचलं आणि मागून असा काही धक्का दिला की गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. पुन्हा बंद पडेल या भीतीनं मी थांबलोच नाही. मैलभर पुढं गेल्यावर काही तरी सांगायला शेजारी वळलो, तेव्हा लक्षात आलं की बायको मागंच राहिली आहे.

त्या दिवाळीत ती भाऊबीजेला लांजीला गेली ती आलीच नाही. निरोप तेवढा आला: "ढकलायच्या गाडीत मी बसत नाई. धक्का न देता गाडी आमच्या दारापर्यंत आली तं येईन, नाई तं इथंच बरी आहो."

पहिला आठवडा मी राजासारखा राहिलो. दुसऱ्या आठवड्यात घरात काही तरी चुकतंय असं वाटायला लागलं. तिसऱ्यात मला तिची इतकी आठवण येऊ लागली की मी तिच्या हातच्या कारल्याच्या भाजीचीसुद्धा तारीफ करायला लागलो. मायनं सरळच सांगितलं, सून घेऊन ये, नाही तर उद्यापासून भाकरी तू थाप.

म्हणून मी ठरवलं, पेट्रोलचं इंजिन काढायचं आणि डिझेलचं बसवायचं. हे काम माझ्या चुलतभावानं, गुलाबनं अंगावर घेतलं. गुलाब एका राईस मिलमध्ये इंजिनावर होता. मिलचं इंजिन जागेवर उभं असतं आणि गाडीचं हिंडतं, एवढाच काय तो फरक, असं त्याचं मत होतं. गोंदियाच्या भंगारातून आम्ही एका मोडीत निघालेल्या छोट्या ट्रकचं इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा ॲक्सल आणला. चिंचेच्या फांदीला चेन-पुल्ली टांगली, आणि पंधरा दिवस आमच्या अंगणात तो ट्रक या पिकअपच्या पोटात कोंबायचं काम चाललं.

एकही वस्तू दुसरीला बसत नव्हती. इंजिनाची भोकं एकीकडं, चेसिसची दुसरीकडं. आम्ही कानशीनं घासून घासून दोघांची भेट घडवली. इंजिनाखाली जुन्या टायरचे तुकडे घातले. रेडिएटरचा पाइप वीतभर आखूड पडला, त्याला सायकलची ट्यूब जोडली. इंजिन उंच निघालं, बॉनेट लागेना, मग बॉनेटच काढून ठेवलं. (मायनं त्यावर मिरच्या वाळत घातल्या.) एवढं करून सात बोल्ट उरले. गुलाब म्हणाला, उरले म्हणजे आपण काटकसरीनं काम केलं.

मागच्या ॲक्सलनं मात्र फार छळलं. त्याच्या स्प्रिंगच्या पाट्या बसवायच्या जागा नेमक्या उलट्या बाजूला होत्या. दोन दिवस डोकं फोडल्यावर मलाच युक्ती सुचली. हो, मलाच! मी म्हणालो, गुलाब, हा ॲक्सल पालथा घातला तर? घातला, आणि असा चपखल बसला की आम्ही एकमेकांना मिठी मारली. फक्त तेल सोडायचं बूच, जे खाली असतं, ते वर आलं होतं. मी विचारलं, असं काहून? गुलाब म्हणाला, ज्यानं बनवलं त्याचीच चूक असंन. मग आम्ही दोघांनी त्या न पाहिलेल्या इंजिनिअरला यथेच्छ शिव्या घातल्या आणि सोडायच्या बुचातून तेल भरलं.

लांजीला मी पत्र टाकलं की गुरुवारी येतो, गाडी धक्का न देता येईल. सासऱ्यांनी ते पत्र अर्ध्या गावाला वाचून दाखवलं, असं पुढं कळलं.

गुरुवारी सकाळी मायनं गाडीला हळदकुंकू लावलं, पुढच्या चाकांसमोर लिंबं ठेवली, नारळ फोडला. इंजिन सुरू झालं तशा शेजारच्या कोंबड्या कौलांवर चढल्या. मी ऐटीत पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, आणि गाडी मागं गेली. थेट शेजाऱ्याच्या गोवऱ्यांच्या ढिगात. वाटलं, गिअर चुकला. दुसरा टाकला, तर ती आणखी जोरात मागं गेली. तिसऱ्याला तर गोवऱ्यांचा ढीग संपून भिंत लागली. शेवटी रिव्हर्स टाकला, तेव्हा ती मुंगीच्या पावलानं पुढं सरकली आणि लिंबं चिरडली गेली.

"लिंबू दबलं," माय म्हणाली. "चांगलं झालं, नीघ आता."

गुलाब गाडीखाली गेला आणि बराच वेळ बाहेरच आला नाही. आल्यावर खाली पाहत बोलला, "भाऊ, ॲक्सल पालथा घातला तं चाकंही उलटे फिरून राह्यले. आता आपल्याले तीन रिव्हर्स अन् एक फॉरवर्ड आहे. एवढे रिव्हर्स साऱ्या जिल्ह्यात कोनापाशी नाईत."

खोलून सरळ करायला दोन दिवस लागणार होते, आणि लांजीत सगळे आजच वाट पाहत होते. आज गेलो नाही, तर शकुंतला म्हणणार, पाहा, पडली बंद. मग संक्रांतही गेली आणि होळीही. मी तसाच निघालो. गुलाबला नेमकी त्याच क्षणी तापाची कणकण आली.

निघालो तो त्या एका फॉरवर्डवर, सरळ तोंडानं. किरनापूर येईपर्यंत दुपार झाली. वाटेत मला दोन सायकली, एक बैलगाडी आणि ओझं घेतलेली एक म्हातारी मागं टाकून गेली. म्हातारी तर थांबून म्हणाली, बस बाबा जरा, थकला असशीन. या चालीनं लांजीला पोचता पोचता शकुंतलेचं लुगडं जुनं झालं असतं. किरनापूरच्या चौकात मी जीव घट्ट केला, गाडी फिरवली, तिची पाठ लांजीकडं केली आणि दुसरा गिअर टाकला. काय पळाली! चहावाला ओरडला, "भैया, गाड़ी नाराज है क्या?" उत्तर द्यायला मान मोकळी नव्हती, ती मागं वळलेली होती आणि पुढचे पंधरा-वीस मैल तशीच राहणार होती.

लांजीत सासऱ्यांचं घर गल्लीच्या टोकाला. जावई आला की दारातच पायावर पाणी घालायचं, गूळपाणी द्यायचं, ही रीत. दारातून जावई पाणी न पिता परत गेला, तर त्या घराला गावात तोंड दाखवायला जागा नाही. इंजिनाचा आवाज ऐकून सासरे लोटा घेऊन धावत बाहेर आले. धुरळ्यात त्यांना काय दिसलं? जावयाच्या गाडीची पाठ! झालं. त्यांची खात्रीच पटली की जावई आला, दारात कोणी नाही असं पाहून रुसला आणि परत निघाला.

"थांबा जवाईबापू!" करत सासरे धावले. त्यांच्यामागं सासूबाई ताट घेऊन, त्यांच्यामागं दोन मेहुणे आणि अर्धी गल्ली. जाणाऱ्या गाडीला गाठायला ते जिवाच्या आकांतानं पळत होते, आणि गाडी त्यांच्याचकडं येत होती! एवढे लोक अंगावर येताना पाहून मी घाबरलो. मला वाटलं, मारायला आले. ब्रेकऐवजी पाय दुसरीकडंच पडला. गाडी मोठी मोठी होत चालली आहे हे आधी मेहुण्यांना कळलं, मग सासूबाईंना. सासरे वयानं मोठे, त्यांना सगळ्यात उशिरा कळलं. मग अख्खी वरात उलट फिरून घराकडं पळाली आणि मी तिच्यामागोमाग दारात पोचलो. दारातला रांजण फुटला तेव्हा गाडी थांबली. माझ्या पायांसाठी भरलेलं पाणी सासऱ्यांच्या पायांवरून वाहून गेलं.

धापा टाकतच त्यांनी हात जोडले. "जवाईबापू, चूक झाली. पोरगी घेऊन जा, पन असे पानी न पेता जाऊ नका."

आता सांगायला लाज वाटते, पण मी चेहरा गंभीर केला. म्हणालो, ठीक आहे मामाजी, तुम्ही एवढं म्हणता तर थांबतो. पाटावर बसलो, गूळ खाल्ला, दुसऱ्यांदा मागून खाल्ला. पाच मिनिटं लांजीत माझ्याएवढा मानी जावई दुसरा नव्हता.

तेवढ्यात शकुंतला बाहेर आली. तिनं गाडीभोवती एक चक्कर मारली, चाकांचे माग पाहिले, माझी वाकडी मान पाहिली.

"बाबा," ती म्हणाली, "हे परत नोते चालले. हे आलेच असे."

आणि ती ओट्यावर बसून हसायला लागली. पदर तोंडात कोंबला तरी हसू थांबेना. एवढ्या दिवसांनी ते हसू ऐकून मला इतकं बरं वाटलं की रांजण आणखी एक असता तर तोही फोडला असता. मग डोळे पुसत तिनं विचारलं, कोणी धक्का दिला? मी म्हणालो, कोणीच नाही. "तं मग चला," म्हणून ती आत गेली आणि गाठोडं घेऊन आली.

येताना ती मागच्या हौदात पोत्यावर बसली, कारण तोच भाग आता पुढं होता. म्हैस आली की म्हैस म्हणायची, खड्डा आला की खड्डा. तिच्या हुकमानं मी बालाघाटपर्यंत निमूट आलो.

गुलाबनं दोन दिवसांत ॲक्सल सरळ केला. रविवारी सकाळी मी शकुंतलेला मोठ्या मानानं शेजारी बसवलं. गल्लीत बायका पाहायला उभ्या. मी पहिला गिअर टाकला, मान वळवून मागं नीट पाहिलं, रस्ता मोकळा आहे याची खात्री केली, आणि पूर्ण वेगानं समोरच्या नालीत गेलो.

शकुंतलेनं शांतपणे पदर सारखा केला. "गाडीले काई नाई झालं," ती माझ्याकडं बोट दाखवत म्हणाली. "गुलाबभाऊजीले बोलवा, अन् आता यायले खोलाले सांगा."

गुलाब आला. त्यानं मला वरून खाली पाहिलं, मान हलवली आणि म्हणाला, एवढं जुनं मॉडेल असलं तर आपण हात लावत नाही.