तापाचा खडा

रेडिओवाल्या मित्रांनो, घरी आलो तसा लिहायला बसलोय.

लष्कराच्या जुन्या वायरलेसमधले क्रिस्टल, म्हणजे काचेसारख्या पातळ चकत्या, माझ्या शहाद्याच्या दुकानात डबाभर पडून होत्या. घरच्या रेडिओला त्या लागत नाहीत. "बघतो काही उपयोग," म्हणून एक फेरीवाला मागून घेऊन गेला.

आज खापर गावच्या बाजारात तो त्याच चकत्या काळ्या दोऱ्यात बांधून, तापाचे खडे म्हणून विकत होता! समोर डोंगरातली एक बाई. कडेवरचं लेकरू तापाने फणफणलेलं, आणि त्याच्या मनगटावर माझा क्रिस्टल.

मी ओरडलो, तर हसून म्हणतो, "भाऊ, तुन्हा डबामा पडेल व्हतात. आते कामले तरी लागनात!"

मी बाईची विनवणी करून तिला बसने अक्कलकुव्याच्या दवाखान्यात नेलं. सुई टोचली, ताप उतरला. तिने काय करावं? लेकराच्या मनगटावरचा खडा कपाळाला लावून त्यालाच हात जोडले.

पुढच्या बाजारी तिचं अख्खं गाव खडे घ्यायला येईल. दवाखान्यात कोण जाईल? ताप तर खरंच उतरला. सांगा, त्यांना कसं पटवू?