शेंदराच्या दगडाखालच्या दोन तारा

पितांबरनाना आमच्या जळगावच्या ऑफिसात तारा जोडतात. केसाएवढी काचेची तार जोडताना त्यांचा हात जराही हलत नाही. वीस वर्षं कंत्राटी, करार दर मार्चला नवा. साहेबांसमोर ते फक्त मान डोलावतात, आणि मला त्याचा संताप येतो.

त्या दिवशी मीटिंगमध्ये मात्र ते चहाचा कप नुसता हातात धरून तक्त्याकडे बघत होते. मी, नूतन, ऑफिसातली इंजिनिअर, तक्ता समजावत होते. असोदा आणि पुढचं भादली, दोन्ही गावांना एकेक मुख्य तार. ती तुटली की फोन, बँक, दवाखाना, सगळं ठप्प. प्रत्येक गावाला स्वतःची राखीव तार द्यायची, तर खर्च भरमसाट आणि एरवी ती नुसती पडून. दोघांत मिळून एकच ठेवली, तर राखीव तारेचा निम्मा खर्च वाचतो. पण ती एका वेळी एकाच गावाचा भार पेलते.

"दोन्ही एकदम कशाला तुटतील? नकाशात वाटा वेगळ्या आहेत ना?" साहेबांनी सहीसाठी पेन उघडलं. "एकच ठेवा."

नानांनी कप खाली ठेवला. "वाटा येगळ्या नाहीत, साहेब. असोद्याच्या शिवेवर दोन्ही तारा एकाच चारीत गाडल्या हायेत."

"कोणी टाकल्या?"

गप्प बसा, नाना, मी मनात म्हणत होते. मार्चला तीनच आठवडे उरले होते.

"मीच. खाली तार हाये हे कळावं म्हनून तठी दगड रोवला होता. गावानं त्याले शेंदूर फासला, नारळ फोडले. मले वाटलं, देवापाशी कोन खोदीन? म्हनून दुसरी तारबी तठीच गाडली. आता रस्ता रुंद होऊ राह्यला, गावानं देव हलवला. सोमवारी जेसीबी लागीन."

रस्त्याचा ठेकेदार थांबायला तयार नव्हता. साहेबांनी दोन राखीव तारा मंजूर केल्या. नानांनी दोन दिवस उन्हात राबून त्या खांबांवरून ओढल्या. सोमवारी जेसीबीनं चारी उकरली, खालच्या दोन्ही तारा तुटल्या, पण दोन्ही गावांचे फोन चालू राहिले.

नकाशा सोडून तार गाडली, म्हणून नव्या करारात नानांचं नाव नको, असं साहेबांनी सांगितलं. यादी माझ्याकडेच आली. मी त्यांच्या नावाची ओळ काढली आणि कागद सहीला पाठवला. त्याची मला अजून लाज वाटते.