चहाचा चमचा

जर्मनीतल्या आखन शहरात मी शिरीषला फसवलं. एका शब्दानं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. उलट शिरीष किती आढ्यतेखोर निघाला, साधी ओळखही ठेवली नाही, हे मात्र चारचौघांत आवाज चढवून कितीदा तरी ऐकवलंय.

मी आयटीआय झालेला फिटर. जुनी यंत्रं घ्यायची, दुरुस्त करून विकायची, यावर जर्मनीत पाय रोवले. घासाघीस करताना समोरचा आधी नजर खाली घालतो, मी नाही. शिरीष तिथल्या विद्यापीठात पीएचडी करत होता. आम्ही दोघंही फ्राऊ हाइनेन या बाईंचे भाडेकरू — तो खाली, मी वरच्या खोलीत.

२००५च्या उन्हाळ्यात एका रविवारी आम्ही बसनं सीमेपलीकडे बेल्जियममध्ये गेलो, तिथली गव्हाची पांढरट बिअर प्यायलो. शिरीष ग्लास हुंगून म्हणाला, यात धणे आहेत रे. झालं, असली बिअर घरी करायचीच. त्यानं जर्मन पुस्तकातून कृती काढली. मी बादली, नळी, बाटल्या जमवल्या. संत्र्याची साल आखनच्या बाजारातली, धणे माझ्या आईनं पाठवलेले. बाटल्या भरायच्या दिवशी तो प्रयोगशाळेत अडकला. मराठीत चिठ्ठी ठेवून गेला: प्रत्येक बाटलीत साखर — एक चमचा, चहाचा.

आता चहाचा चमचा म्हणजे कुठला? त्याच्या घरी कपात ढवळायचा, इवलासा. आमच्या घरी चहाच्या साखरेच्या डब्यात पडलेला असतो तो — जेवणाचा, चांगला मोठा. मी त्या मोठ्या चमच्यानं साखर घातली, शीग लावून. इथवर ती चूक होती. पुढचं चूक नाही.

जादा साखर आंबून बाटल्यांत वायू कोंडला, आणि दहाव्या दिवशी दुपारी तळघरात त्या फुटल्या. एकीमागून एक. फ्राऊ हाइनेन तिथेच कपडे वाळत घालून नुकत्या वर आल्या होत्या. त्यांच्या ओल्या चादरींत काचा घुसल्या होत्या. बाई ओरडल्या नाहीत. ज्यानं हे केलं त्यानं घर सोडायचं, एवढंच म्हणाल्या.

शिरीषची बायको मेधा तेव्हा पुण्यात होती, चौथा महिना. तिचा व्हिसा याच घराच्या भाडेकरारावर अडकलेला — राहायला पुरेशी जागा दाखवल्याशिवाय तिला येऊ देणार नव्हते. हे मला ठाऊक नव्हतं का? तिचे कागद पोस्टात टाकायला मीच गेलो होतो.

जिन्यात शिरीषनं मला गाठलं.

"मी चहाचा लिहिलं होतं ना रे?"

चिठ्ठी माझ्या खिशात होती.

"नाही," मी म्हणालो. "नुसता चमचा लिहिलं होतंस."

त्यानं मान डोलावली. चिठ्ठी दाखव, असंही म्हणाला नाही. आत जाऊन बाईंना सांगितलं — कृती माझी, चूक माझी. मी दाराबाहेर उभा राहून ऐकलं. आत जायला किती पावलं होती? चार? — नंतर चिठ्ठी फाडली.

भीती कसली होती मला? दुसरी खोली मी आठवड्यात मिळवली असती, तेही भाडं पाडून. खरं सांगू? डॉक्टरेट करणाऱ्या माणसापुढे "मला चमचा कळला नाही" म्हणायची लाज वाटली. त्या लाजेपायी त्याचं घर गेलं.

शिरीषला वसतिगृहात एकट्यापुरती खोली मिळाली. मेधाचा अर्ज परत आला. ती पुण्यातच बाळंत झाली. बारशाला माझ्या घरच्यांना बोलावलं नाही, म्हणून मी फोनवर त्याला वाटेल ते बोललो. त्यानं ऐकून घेतलं. त्या बारशाला तो स्वतःही नव्हता — प्रबंध टाकून जाता आलं नव्हतं. मुलाला त्यानं पहिल्यांदा उचललं, तेव्हा ते बसायला लागलं होतं.

त्या महिन्यांचा जाब एकाच माणसाला विचारायचा आहे. शिरीषला अजून माहीत नाही तो कोण. तो मी.