चार कप्प्यांचा टँकर आणि पंपवाल्या वहिनी

पंपवाल्या वहिनींचं बाहेर काहीतरी आहे, ही कुजबुज पहिल्यांदा माझ्या कानात सोडली ती सलूनवाल्याने, आणि तीही माझ्या गालांना साबण फासलेला असताना, म्हणजे मला तोंड उघडायची सोयच नव्हती.

"काका, दर गुरुवारी स्कूटर काढते. जाताना अंगावर निळे कपडे, येताना पिवळे. आता तुम्हीच काय ते समजा!"

मी साबणातून नुसतं "हूं" केलं. संध्याकाळपर्यंत त्या 'हूं'चं 'काकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं' झालं होतं. खोटं कशाला बोलू, तोवर मीही दोन-तीन ओट्यांवर या गोष्टीला थोडं तिखटमीठ लावून आलो होतो. आठवड्याभरात तर माणूस एकाचे तीन झाले. तीन गावांत तीन!

या वहिनी म्हणजे माझ्या पत्त्यांच्या डावातल्या भिडूची बायको. भिडूला आम्ही घुम्या म्हणतो. समोर घर पेटलं तरी तो आधी हातातले पत्ते नीट लावील, मग "आग" एवढंच म्हणेल. पेट्रोलपंप त्याच्या वडिलांचा, पण हा पठ्ठ्या लहानपणापासून पंपाकडे फिरकला नाही. आम्ही त्याला आळशी म्हणायचो, तो ऐकून घ्यायचा. शेवटी सासऱ्यांनी नव्या सुनेलाच टाकीपाशी नेलं आणि टाकीतलं तेल मोजायची लांब दांडी तिच्या हातात दिली.

"बाकीच्या सुनांना सासरी बांगड्या मिळतात," वहिनी सांगायच्या, "मला पुरुषभर उंचीची पितळी दांडी मिळाली. बरं, घालून मिरवायची कुठे?"

पण त्या दांडीवर त्यांचा जीव. रोज सकाळी झाकण उघडायचं, दांडी सरळ तळाला टेकवायची, वर काढून ओलीची खूण वाचायची. तीस वर्षांत एक दिवस चुकला नाही.

मग नवा हमरस्ता झाला आणि निम्मी गाडीवाली मंडळी गावाबाहेरूनच जाऊ लागली. उरलेल्यांतही इथेनॉलवर चालणाऱ्या गाड्या वाढल्या. ते इंधन मिळायचं सत्तर किलोमीटरवर. आमचा दातांचा डॉक्टर ते आणायला अर्धी टाकी जाळायचा आणि तो राग पेशंटच्या दाढेवर काढायचा. वहिनींच्या पंपावरची दुसरी टाकी रिकामीच पडली होती. त्यांनी मळीपासून इथेनॉल काढणाऱ्या कारखान्याला फोन लावला.

"मॅडम," मॅनेजर म्हणाला, "आमचा टँकर चार कप्प्यांचा. चारही कप्पे एका फेरीत रिकामे होणार असतील तरच तो फाटकाबाहेर पडतो. तुमच्या एका पंपाला तेवढा माल झेपायचा नाही."

"मग चार पंप आणते."

"आणा की. पण पुढच्या पंधरा तारखेपर्यंत. नाहीतर टँकर मी हमरस्त्यावरच्या मोठ्या पंपाला बांधून देणार."

म्हणजे राहिलेली गिऱ्हाइकंही तिकडे, आणि सासऱ्यांच्या पंपाला कुलूप. वहिनींनी फोन ठेवला आणि स्कूटरची किल्ली उचलली.

आसपासच्या तीन गावांतले तीन पंपवाले त्यांनी गाठले. एक मास्तर, शाळेतून निवृत्त होऊन पंपावर बसलेले. दुसरा डॉक्टर, म्हणजे डॉक्टर नव्हे, अक्षर तसं आहे म्हणून. तिसरा पैलवान. चौघांनी मिळून करार केला. तो मास्तरांनी समास सोडून लिहिला आणि डॉक्टरने सही केल्यावर ती सही आहे की शाई सांडली यावर पाऊण तास वाद झाला. अट कारखान्याची होती: टाक्या आतून कोरड्या ठणठणीत हव्यात. एकाची टाकी नापास झाली तर चौघांचा टँकर परत.

पुढच्याच गुरुवारी वहिनी पैलवानाच्या पंपावर पोचल्या, तर स्वारी फुलून उभी.

"वहिनी, टाकी अशी लख्ख धुतलीय, तोंड बघून घ्या!"

"कशाने धुतली?"

"पाण्याने. मग काय दुधाने धुऊ?"

वहिनी तिथेच कट्ट्यावर बसल्या. पैलवानाचं तसं चुकलं नव्हतं. त्याच्या आज्ज्यापासून टाकी अशीच धुतली जात होती. पेट्रोल आणि पाणी म्हणजे भांडलेल्या जावा. एका घरात राहतील, पण एकमेकींत मिसळायच्या नाहीत. पाणी खाली बसतं, काढून टाकलं की झालं. इथेनॉलचं तसं नाही. त्याचं पाण्याशी पहिल्या भेटीतच गूळपीठ. टाकीत ओल राहिली की इंधन बिघडलं आणि गाडी रस्त्यात बसली.

"अरे पैलवाना, कोरडी म्हटलं होतं रे मी, स्वच्छ नव्हे!"

"आधी धुतल्याशिवाय कोरडी कशी करणार?" पैलवान म्हणाला.

मग वहिनींच्या फेऱ्या वाढल्या. गुरुवारसोबत सोमवार आला, बुधवार आला. टाकीत कुणी उतरायचं नाही, आतल्या वाफेने माणूस जातो, हा सासऱ्यांचा नियम. म्हणून लांब बांबूला सुती फडकी बांधून वहिनी टाकीच्या तोंडाशी पालथ्या पडून तळ पुसायच्या, पैलवान पंख्याने हवा सोडायचा. आणि इकडे सलूनमध्ये आम्ही ठरवून टाकलं की तिघांतून निवड झाली, पैलवान पास!

हे पैलवानाच्या बायकोच्या कानावर गेलं. बाई नवऱ्याच्या वरताण. पंपावर आली, टाकीच्या झाकणाला कुलूप ठोकलं आणि किल्ली कमरेला खोचली. "त्या बाईने इथे पाय ठेवला तर बघा!"

मुदतीला सहा दिवस उरलेले. पैलवानाचा फोन आला तो कुजबुजतच. "वहिनी, आखाड्यात मी कुणाला भ्यालो नाही. पण हिच्या कमरेची किल्ली माझ्याच्याने निघायची नाही."

त्या दुपारी आमचा डाव रंगात होता. वहिनी आल्या आणि सरळ पत्त्यांवर हात ठेवला.

"काका, 'हूं' तुम्हीच म्हणालात ना?"

मी चष्मा पुसायला घेतला. चांगला स्वच्छ होता, तरी पुसला.

"पुसा, पुसा. आज तुमचा भिडू नेते मी." मग नवऱ्याकडे वळून, "अहो, उठा. पैलवानाच्या घरी जायचंय. बोलायचंय तुम्हालाच."

घुम्याच्या हातात तीन एक्के होते. मी डोकावून पाहिले होते ना! तरी त्याने पाने पालथी ठेवली आणि मुकाट्याने बायकोच्या मागे स्कूटरवर जाऊन बसला.

पुढचं मला पैलवानाच्या बायकोनेच हसत सांगितलं. तिने दोघांना स्वयंपाकघरात बसवलं, समोर उभी राहिली आणि घुम्यालाच विचारलं, "भाऊजी, जाताना निळं, येताना पिवळं. तुम्हाला चालतं हे?" घुम्या दोन वाक्यं बोलला. बाईंनी चहा टाकला आणि कपबशीच्या शेजारी किल्ली ठेवली. दुसऱ्या दिवसापासून बांबूचं दुसरं टोक तिच्याच हातात होतं.

चौदा तारखेला टँकर आला. कारखान्याच्या माणसाने दांडीला पाणी ओळखणारा लेप लावून ती चारही टाक्यांत बुडवली. लेपाचा रंग कुठेच बदलला नाही. पैलवानाच्या टाकीत त्याने दोनदा बुडवली, कारण पैलवान जवळ उभा राहून मोठ्याने श्वास घेत होता. चार गावांत चार कप्पे रिकामे झाले. आमच्या पंपावर रांगेत पहिला दातांचा डॉक्टर. त्या दिवसापासून तो दाढ काढताना गुणगुणतो. आता आणखी दोन गावांचे पंपवाले करारात यायचं म्हणतात. मास्तरांनी नवा कागद समास सोडून तयार ठेवला आहे, आणि पंपवाल्या डॉक्टरला सहीऐवजी अंगठा चालेल, असं सर्वानुमते ठरलं आहे.

घुम्याने स्वयंपाकघरात सांगितलं ते असं: "मला पेट्रोलच्या वासाने उलट्या होतात. म्हणून ही मास्तरांच्या घरी कपडे बदलून मग घरी येते."