दत्ताजींचा लाल पेट्रोल पंप

देवासच्या दत्ताजी शितोळ्यांचे तीन पेट्रोल पंप आहेत. सगळे बोटाएवढे. शिवाय दोन टपाल कचेऱ्या, एक बंबखाना आणि मूठभर दिव्याचे खांब. जुन्या विलायती खेळण्यातल्या मोटारींसोबत अशी सामग्री मिळायची. दत्ताजींकडे मोटार मात्र एकही नाही.

"गाड्या काय, कोणीपण जमवतो," ते म्हणतात.

"खरंय. रिकामं गाव झाडायला सोपं पडतं मला," त्यांच्या पत्नी सुमंगलाबाई म्हणतात.

ड्रॉईंग मास्तरकीतून निवृत्त झाल्यापासून दत्ताजींचा जीव एका पत्र्याच्या गॅरेजवर जडलेला. वर-खाली होणारं शटर होतं त्याला. ते होतं धारच्या संताजी निंबाळकरांकडे, आणि संताजी बारा वर्षं नाही म्हणत होते. यंदा चैत्रात त्यांचाच फोन आला. "तुमचा लाल पंप द्या, गॅरेज घ्या. पण रंग मूळचाच पाहिजे हां, भिया. टवके उडालेले चालतील, कोणी हात फिरवलेला नको."

तो पंप दत्ताजींनी महूच्या भंगारवाल्याकडून आणलेला. त्यावरची धूळ ते सुमंगलाबाईंच्या पावडरच्या ब्रशनं झटकत, तीसुद्धा श्वास रोखून.

संताजी यायचे त्या रविवारी घरात चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. दत्ताजींनी पंप कपाटातून काढला, देवघराच्या फळीवर ठेवला आणि मोगरा आणायला बाजारात गेले. तिथंच चुकले. माई, म्हणजे त्यांच्या मातोश्री, वय शहाऐंशी, चिंच भिजवून देवाची पितळ घासायला बसल्या होत्या. सणाच्या दिवशी देवघराजवळ सापडलेला धातू त्यांच्या हातून सुटत नाही.

दत्ताजी परतले तर गौर झोपाळ्यात बसलेली, पुढं टरबुजाचं कमळ, करंज्या, आणि आरासेच्या मधोमध चांदीसारखा चकाकणारा पंप.

"माई! हे काय केलंस?"

"किती किटण चढलं होतं रे, लाल लाल! काथ्यानं दोनदा घासलं तेव्हा कुठं सुटलं."

एवढ्यात संताजी दारात. बायकांच्या घोळक्यातून वाट काढत ते गौरीपुढं वाकले, नमस्कार केला आणि खिशातून भिंग काढलं. बराच वेळ वाकूनच राहिले.

"हे कोणी केलं?"

माई कौतुक ऐकायला सरसावून बसल्या. दत्ताजी घाईनं म्हणाले, "मीच. जरा मळका वाटला."

"तुम्ही? अख्ख्या माळव्यात लोक तुम्हाला विचारून वस्तू घेतात, अन् तुम्ही चिंच लावली? आता कोण विचारेल तुम्हाला?"

"नाही विचारलं तर नाही," दत्ताजी खाली बघत म्हणाले.

"याला काय येतंय घासता?" माई कडाडल्या. "सकाळपासून पाठ माझी मोडलीय, अन् नाव हा घेतोय!"

सुमंगलाबाईंनी पदर तोंडाला लावला. संताजींनी एकदा माईंकडं पाहिलं, एकदा दत्ताजींकडं, आणि भिंग खिशात टाकलं. "माई, हात जबर आहे तुमचा," ते म्हणाले, आणि पाटावर बसून आंब्याची डाळ दोनदा मागून घेतली, वर पन्हं.

गॅरेज संताजींच्या पिशवीतून बाहेर निघालंच नाही. दत्ताजींनीही विषय काढला नाही. संताजी निघाले तेव्हा मात्र दत्ताजींनी ती गॅरेजची पिशवी हट्टानं स्वतःकडं घेतली, काखेत धरली, आणि त्यांना पोचवायला बसस्टँडचा रस्ता शक्य तेवढा लांबचा धरला.