गफूरचाचांची लाल निशाणी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि माझी बायको अशी, की मी काय लपवतोय ते ती मी किती भाकरी खाल्ल्या यावरून ओळखते.

तुम्ही म्हणाल, हा तर बोलका माणूस. खरंय. बीडमध्ये कोर्टासमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे, पण लोक मला ओळखतात ते माईकमुळं. लग्न असो, सत्कार असो, कुणाची सेवानिवृत्ती असो — माईक या दिलीपच्याच हातात. रडणाऱ्या नवऱ्या मी हसवल्यात. एकदा तेराव्याच्या पंगतीत लोकांना हसवलं, आणि वर मयताच्या सख्ख्या भावाकडून शाबासकी घेतली. अशा माणसाच्या पोटात न सांगितलेलं काही राहील कसं?

राहिलंय. एकच. आणि गंमत बघा — ते ज्या गोष्टीत लपवलंय, ती गोष्ट मी सगळ्यात जास्त वेळा सांगितलेली आहे.

थांबा, आधी गाडीबद्दल सांगतो. गाडीबद्दल बोलायला लागलो की मला बरं वाटतं. मूळ गोष्ट तेवढीच लांब जाते.

नांदूरघाटला एका ओळखीच्यांच्या गोठ्यात ती सापडली. साखर कारखान्यावरचा कुणी इंजिनिअर बदली झाल्यावर टाकून गेलेला. वर कडब्याच्या पेंढ्या, सीटवर अंडी उबवत बसलेली कोंबडी. कोंबडी उठवली तर खाली इटलीत बनलेली, साठेक वर्षांची, एका सिलेंडरची मोटरसायकल! टाकीवरचं नाव इतकं वळणदार की आमच्या बीडात ते कुणालाच म्हणता येईना. म्हणून ती नुसतीच 'इटालियन'. इटालियन उठली का? इटालियन रुसली का? बायको म्हणायची, सवत आणली असती तर निदान भांडी तरी घासली असती तिनं.

तिचा गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला. आपल्याकडच्या हल्लीच्या गाड्यांच्या बरोब्बर उलट. आमचे सानप मास्तर एकदा हौसेनं बसले, ब्रेक म्हणून गिअर दाबला आणि थेट रसवंतीत शिरले. बाकडं आडवं, बैल बुजलेला. मास्तर शांतपणे उतरले, धोतर झटकलं आणि म्हणाले, "एक ग्लास. बिनबर्फाचा."

अशी आमची मंडळी. दर रविवारी सकाळी गफूरचाचांच्या गॅरेजवर जमायचं. मास्तरांची जुनी दोन सायलेन्सरवाली, देशमुख वकिलांची बापजाद्यांची बुलेट, आणि माझी इटालियन. निम्मा वेळ एकमेकांना शिकवण्यात जायचा. थंडीत गाडी उठत नसेल तर प्लग काढून तव्यावर गरम करून लावा. टाकी आतून गंजली असेल तर मूठभर बारीक खडी टाकून हलवा. उरलेला निम्मा वेळ एकमेकांची उतरवण्यात. वकील म्हणायचे, "दिलप्या, तुझी गाडी पेट्रोलवर न्हाई, नवसावर चालती बे."

आणि गफूरचाचा खाली बसून काम करायचे. पांढरी दाढी, कोपरापर्यंत काळे हात. इटालियनला त्यांनी दोन वर्षं दिली. तिचं पुस्तक इटालियन भाषेत होतं. चाचा नुसती चित्रं बघायचे, मग डोळे मिटायचे, मग हात चालू. मी विचारलं, चाचा, भाषा कळती का? म्हणाले, "लोखंडाला कुठली भाषा हाय, भाऊ?"

त्यांची एक पद्धत होती. कुठलाही बोल्ट कसला, की बोल्ट आणि इंजिन या दोन्हींवरून मिळून एक बारीक लाल रेघ ओढायची — बायकांच्या नेलपॉलिशनं. बांगड्यांच्या दुकानातून ते स्वतः बाटली आणायचे. आम्ही चिडवायचो, "चाचा, कुणासाठी?" ते म्हणायचे, "इटालियनसाठी, बे. नटायला नको का?" रेघ सलग असली म्हणजे बोल्ट चाचांनी कसलेला आहे आणि जागचा हललेला नाही. रेघ तुटली म्हणजे कुणीतरी हात लावला. एवढाच त्यांचा कायदा. माझी निशाणी तोडायची असंल तर तोडा, पण मला सांगा.

मला सांगा. दोनच शब्द. अवघड होते का?

तर तो रविवार. आमचं लिंबागणेशला जायचं ठरलेलं. गणपतीचं दर्शन, मग झाडाखाली भेळ. इटालियनची पहिली लांबची फेरी. मी सगळ्यात पुढं — गळ्यात रुमाल, डोळ्यांवर काळा चष्मा. मागं मास्तर, त्यांच्या मागं वकील आणि वकिलांच्या सीटमागं गफूरचाचा, नव्या पांढऱ्या टोपीत. दोन वर्षांच्या कामाची वरात बघायला निघालेले.

मांजरसुंब्याच्या घाटात मला मागून आरडाओरडा ऐकू आला. मला वाटलं, जयजयकार चाललाय! मी हात उंचावला. ते आणखी ओरडले. मी ॲक्सिलरेटरला आणखी पीळ दिला. खरं तर मास्तर बोंबलत होते, "अबे थांब! तुझी गाडी मुतायली बे!" इंजिनातलं सगळं ऑईल रस्त्यावर रेघ ओढत चाललं होतं आणि मी लोकांना हात हलवत होतो.

मग एकच आवाज झाला. कडाक्! मागचं चाक जागच्या जागी थांबलं, मी घसरत जाऊन कडेच्या गवतात पडलो. गुडघा सोलला, बाकी काही नाही. इंजिन मात्र जाम. किक हलेना.

सगळे गोळा झाले. चाचा रस्त्यावर उताणे पडले आणि गाडीखाली हात घातला. नवी टोपी डांबरावर. ऑईल सोडायचा खालचा बोल्ट नव्हताच. वाटेत कुठंतरी गळून पडलेला. पण इंजिनावर, त्या भोकाच्या काठाशी, लाल रेघेचा अर्धा तुकडा शाबूत होता.

वकील म्हणाले, "चाचा, कसायचा राहिला का?"

चाचा म्हणाले, "कसलाय की. ही निशाणी हाय ना माझी." मग तसेच पडून राहिले, त्या रेघेकडं बघत. "निशाणी तर हाय," ते पुन्हा म्हणाले, आता आमच्याशी नाही. "मग पडला कावून?"

आता कुणीतरी बोलायला हवं, अशी शांतता मी व्यासपीठावर हजार वेळा ओळखलेली आहे. आणि अशा वेळी मी बोलतोच. मी गवतातून उठलो, गुडघा झटकला आणि म्हणालो, "चाचा, बोल्ट कसायच्या टायमाला समोरून चहा आला असंल!"

सगळे हसले. मास्तर तर पोट धरून. चाचा गाडीखालून बाहेर आले, तेही हसले. ऑईल लागलेल्या हातानं टोपी उचलली, आणि ती काळी झाली.

आता सांगतो. आता आणखी गाडीबद्दल सांगण्यासारखं काही उरलं नाही.

आदल्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी, तो बोल्ट मी उघडला होता.

कशासाठी? ऐकाल तर हसाल. जुन्या गाड्यांच्या शौकिनांचा मोबाईलवर एक ग्रुप आहे, त्यात कुणीतरी लिहिलं होतं की शर्यतीच्या इटालियन गाड्यांत पूर्वी एरंडेल घालायचे, आणि त्या धुराचा वास एकदा घेतलेला माणूस जन्मभर विसरत नाही. मला तो वास हवा होता. लिंबागणेशपर्यंत लोकांनी वळून बघावं आणि म्हणावं, काय वास आहे! म्हणून मी चाचांची रेघ तोडून बोल्ट काढला, ऑईल स्टीलच्या पातेल्यात घेतलं आणि स्वयंपाकघरात जाऊन एरंडेलाची बाटली काढली. तिच्या तळाला दोन चमचे होतं. दोन चमचे! मी स्वतःशीच हसलो. बोल्ट बोटांनी फिरवून बसवला, पातेल्यातलं ऑईल परत ओतलं. एरंडेलाचा एक थेंबसुद्धा इंजिनात गेला नाही.

राहिली तुटलेली रेघ. चाचांना कळलं असतं. रागावले नसते, नुसतं म्हणाले असते, "सांगायचं न्हाई का, भाऊ?" तेवढंही मला ऐकायचं नव्हतं. मुलीच्या डब्यातून लाल नेलपॉलिश आणलं आणि रेघ ओढली. हुबेहूब. अगदी त्यांच्या हाताची. मला इतकी मजा वाटली त्या रेघेची! मग पान्हा उचलणार, तेवढ्यात फोन वाजला. कुणाच्या तरी लग्नातल्या निवेदनासाठी. बराच वेळ बोललो. परत येऊन गाडीकडं पाहिलं, तर लाल रेघ दिसली. सलग. आणि रेघ दिसली म्हणजे बोल्ट कसलेलाच असणार, नाही का? चाचांच्या निशाणीवर माझा इतका विश्वास, की ती मीच खोटी ओढलीय हेसुद्धा मी विसरलो.

घाटात भोकाशी ती अर्धी रेघ बघितली, तेव्हा आठवलं. लगेच आठवलं. चहाचा विनोद मी आठवल्यानंतर केला. त्याच्या आधी नाही.

इंजिन चाचांनीच उघडलं. आतला पिस्टनचा दांडा उष्णतेनं निळा पडलेला. त्याचा सुटा भाग इथं कुठं मिळणार? चार दिवसांनी ते स्वतः दुकानावर आले. झेरॉक्ससाठी लोक उभे होते, त्यांच्यासमोर त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाले, "दिलीपभाऊ, माफ करा. चूक झाली माझ्याकडून."

आणि मी त्यांना माफ केलं. मोठ्या मनानं. पाठीवर हात ठेवून.

इथवर थांबलो असतो तरी वेगळं होतं. पण मला गोष्ट सापडली होती ना! 'चाचांचा बोल्ट.' लग्नात सांगितली, वाढदिवसाला सांगितली, त्या ग्रुपवर चाचांच्या आवाजात रेकॉर्ड करून पाठवली. दरवेळी थोडी सजवली. नुसता चहा कसा चालेल? अद्रकाचा केला. कप नुसता कसा चालेल? कान तुटलेला केला. चाचा पान्हा पेटीवर ठेवतात, कप दोन्ही हातांनी धरतात, फुंकर घालतात, आणि रेघ ओढून मोकळे होतात. मी ती फुंकर अशी घालायचो की लोक खुर्चीवरून पडायचे. गावात म्हणच पडली. कुणी किल्ली विसरलं की सानप मास्तर म्हणायचे, "गफूर झालं की रे!"

चाचा एकेक बोल्ट तीन-तीनदा तपासायला लागले. एका बोल्टवर दोन-दोन रेघा दिसायला लागल्या. त्याचाही मी विनोद केला. घरचे त्यांना संभाजीनगरला डॉक्टरकडं घेऊन गेले. वयाच्या मानानं स्मरण ठणठणीत आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. चाचांनी त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. निशाणीवर ठेवला. एका रविवारी आम्ही गेलो तर शटर खाली. त्यांचा मुलगा सलीम म्हणाला, "अब्बाच म्हणले, आता कुणाचा जीव जाईल माझ्या हातानं." हत्यारांची पेटी त्यांनी स्वतःच माळ्यावर टाकायला लावली होती.

शेवटचा त्यांना भेटलो तो ईदला. शिरखुर्म्याच्या वाट्या फिरत होत्या, सलीमच्या सासरची मंडळी आलेली. चाचा खाटेवर, हात स्वच्छ. त्यांचे हात इतके गोरे आहेत हे मला तोवर माहीतच नव्हतं. मला बघून ते पाहुण्यांना म्हणाले, "हे दिलीपभाऊ. बोल्टची गोष्ट यांच्याच तोंडून ऐका." मग माझ्याकडं वळून, जरा खालच्या आवाजात म्हणाले, "आधी मला ते आठवायचंच न्हाई, भाऊ. आता सगळं आठवतं. अद्रकचा चहा होता. कपाचा कान तुटलेला. गरम लई होता, म्हणून पान्हा पेटीवर ठेवला."

हे सगळं त्यांना आठवत होतं.

मी वाटी खाली ठेवली. सगळे माझ्याकडं बघत होते. आणि मी गोष्ट सांगितली — पहिल्यापासून, हातवाऱ्यांसकट. घाट, जयजयकार, कडाक्. फुंकर आली तेव्हा माझ्याबरोबर चाचांनीही फुंकर घातली, रिकाम्या ओंजळीत. पाहुणे डोळे पुसेपर्यंत हसले.

त्यानंतर दोन महिन्यांत चाचा गेले. मातीला मी होतो. परतताना कुणीतरी हळूच बोल्टची आठवण काढली, आणि मी मान डोलावली.

त्यांनी तो बोल्ट शुक्रवारी दुपारी कसला होता. मी शेजारीच उभा होतो. पान्ह्याला शेवटचा झटका दिला, कापडानं बोल्ट पुसला, मग रेघ ओढली. मध्ये कुणी आलं नाही, काही थांबलं नाही. चहा आलाच नव्हता.