पहिला नंबर कुणाचा

अमेरिकेतल्या कॉलेजांचं फुटबॉल आमच्या घरी रविवारी सकाळी पोह्यांबरोबर लागायचं. तिथली शनिवारची संध्याकाळ म्हणजे आमच्या सिंगापुरातल्या बिशानमधली रविवारची सकाळ. हे फुटबॉल पायाने खेळायचं नव्हे. हेल्मेटं घालून, लांबट चेंडू काखेत दाबून, एकमेकांच्या अंगावर धावून जायचं. चिंचवडला वाढलेल्या आणि जन्मात क्रिकेटची बॅटही धड न धरलेल्या माणसाला यात एवढा रस कुठून आला, असं बायको विचारायची. उत्तर तिला माहीत होतं. मुलगा तिकडे शिकायला गेला आणि त्याच्याशी फोनवर बोलायचं काय, हा प्रश्न मला पहिल्याच महिन्यात पडला. "जेवलास का?" आणि "थंडी आहे का?" हे दोन्ही प्रश्न त्याच्या आईने आधीच ताब्यात घेतले होते.

त्याच्या कॉलेजचा संघ यथातथाच होता, पण पोरगा त्या खेळात पार बुडाला होता. मग मीही नियम पाठ केले. परीक्षेला बसल्यासारखे, वहीत लिहून. वर्षअखेरीला तिथली एक समिती देशातले चार सर्वांत चांगले संघ निवडायची, हल्ली बारा निवडते. ते आपसात खेळतात, हरला तो घरी जातो आणि जानेवारीत एकच उरतो. आमचा वाद त्याच्यापुढचा होता. गेल्या काही वर्षांत जे जे संघ जिंकले, त्यांच्यात श्रेष्ठ कोण? वेगवेगळ्या वर्षांचे संघ एकमेकांशी कधीच खेळणार नाहीत, त्यामुळे वाद मिटायची भीती नव्हती. संघांना आम्ही त्यांच्या कपड्यांच्या रंगावरून ओळखायचो. जांभळे, किरमिजी, लाल-काळे, राखाडी. नवा विजेता आला की यादी नव्याने लावायची आणि पुढचे दोन महिने भांडायचं.

माझं मोजमाप सरळ होतं. किती जिंकले, किती हरले, फरक किती गुणांचा. दहावीला माझी बोर्डाची गुणवत्ता यादी दोन मार्कांनी हुकली होती आणि वडिलांनी ते दोन मार्क आयुष्यभर माझ्यासमोर धरले. तेव्हापासून कोण पुढे आणि कोण मागे, यापलीकडे मला फारसं काही दिसतच नाही. ऑफिसात माणसं, सोसायटीत शेजारी, मंडळाच्या गणपतीत इतरांची मुलं, सगळ्यांचे नंबर मी मनात लावून ठेवलेले असतात. वाईट सवय आहे. बायको म्हणते, "तू देवळात गेलास तर तेहतीस कोटींची क्रमवारी लावशील."

याच सवयीने मी मुलाचा निर्णय घेतला होता.

आम्ही पुण्याहून इथे आलो तेव्हा तो पाच वर्षांचा होता. पुढच्या वर्षी तिघांनाही पीआर मिळाली, म्हणजे इथे कायमचं राहायची परवानगी. त्यामुळे त्याला घराजवळची चांगली शाळा मिळाली आणि मी पेढे वाटले. मात्र आईवडिलांबरोबर पीआर मिळालेल्या मुलाला अठराव्या वर्षी इथल्या सैन्यात दोन वर्षं काढावी लागतात. हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. अठरा वर्षं म्हणजे पुष्कळ लांब आहे, बघू तेव्हा, असं मी म्हणालो.

तो सोळा वर्षांचा झाला आणि "तेव्हा" दारात येऊन उभं राहिलं. मी लॅपटॉपवर तक्ता केला. एका बाजूला सैन्यातली दोन वर्षं, दुसऱ्या बाजूला थेट अमेरिकेत कॉलेज. दोन वर्षं चिखलात रांगण्यात गेली तर त्याच्या वयाची पुण्यातली मुलं पुढे जाणार आणि हा मागे पडणार, असा माझा हिशेब. आमच्या ओळखीतले, जवळच हौगांगला राहणारे एक अकाउंटंट मात्र मुलाला सैन्यात पाठवणार होते. मला त्यांची कीव आली होती. जेवणाच्या टेबलावर मी तो तक्ता मुलासमोर ठेवला. त्याने तो वरून खालपर्यंत वाचला आणि म्हणाला, "अप टू यू लाह, बाबा."

मी तो होकार समजलो. सैन्य टाळायचं तर मुलाची पीआर सोडावी लागणार होती. त्या अर्जाबरोबरच्या कागदावर स्पष्ट लिहिलं होतं की सेवा न करता गेलेल्याला पुढे इथे शिकायला किंवा नोकरीला यायचं असेल, तर त्या अर्जावर याचा परिणाम होईल. मी ते दोनदा वाचलं आणि सही केली. हा परत कशाला येतोय, असं मला वाटलं होतं. अमेरिका पहिल्या नंबरची, मग कोण तिसऱ्या नंबरच्या गावात परत येतं?

तो गेला आणि पहिल्याच वर्षी कोविड आला. कॉलेजं बंद झाली, पोरं आपापल्या घरी गेली. इथे बाहेरच्या लोकांना दार बंद होतं आणि आमचा मुलगा आता कागदावर बाहेरचा होता. बायको रोज सकाळी कुठल्या ना कुठल्या सरकारी नंबरावर फोन लावून तासभर धरून बसायची. तो पुरते आठ महिने एका रिकाम्या होस्टेलात राहिला, मायक्रोवेव्हमध्ये भात करून खात. त्या हंगामाचा शेवटचा सामना बहुतेक रिकाम्या खुर्च्यांपुढे झाला. इथे मंगळवारची सकाळ होती. मी ऑफिसच्या मीटिंगचा आवाज बंद करून फोनवर त्याच्याबरोबर तो पाहिला. किरमिजी संघ एकही सामना न हरता जिंकला. मी त्यांना यादीत पहिला नंबर दिला तो कायमचाच. तो म्हणाला, "बाबा, बघायला कोणीच नव्हतं रे." मी म्हणालो, "न बघता मिळवलेले मार्क काय कमी धरायचे?"

त्याचा पहिला नंबर जांभळ्यांना. त्याच्या कॉलेजच्या पहिल्या वर्षी ते जिंकले होते, म्हणून माया असेल, अशी मी चेष्टा करायचो. लाल-काळ्यांनी एका अंतिम सामन्यात समोरच्याला पासष्ट विरुद्ध सात असं धुतलं, तेव्हा मी त्यांना दुसऱ्यावर बसवलं. आणि राखाडी जिंकले, तेव्हा आमचं खरं वाजलं. ते हंगामात दोन सामने हरले होते, त्यातला एक घरच्या मैदानावर जुन्या वैऱ्याकडून. तरी बारांत आले आणि सगळ्यांना हरवत गेले. माझ्या मते त्यांना शेवटचा नंबर. "दोन विषयांत नापास झालेला मुलगा बोर्डात पहिला येतो का?" तो म्हणाला की त्याला काम आहे आणि त्याने फोन ठेवला.

तेव्हा त्याचं काम सुटायची वेळ आली होती, हे त्याने सांगितलं नव्हतं. शिक्षण झाल्यावर तिथे काही काळच नोकरी करता येते. पुढे राहायचं तर व्हिसाच्या सोडतीत नाव निघावं लागतं. त्याचं नाव तीन वर्षं टाकलं गेलं आणि तिन्ही वर्षं निघालं नाही. त्याचा साहेब भला माणूस. तो म्हणाला, आमची सिंगापूरला शाखा आहे, तू तिथलाच ना, तिथे जा. ते ऐकून बायकोने त्याची खोली धुऊन काढली, नवे पडदे लावले.

कंपनीने पासचा, म्हणजे इथे नोकरी करायच्या परवानगीचा, अर्ज केला. नामंजूर झाला. फेरविचाराचा अर्ज केला, तोही नामंजूर. कारण दिलेलं नव्हतं आणि मला ते विचारायची गरज नव्हती. मी तरीही चार ठिकाणी पत्रं लिहिली, ओळखी काढल्या, वरातीमागून घोडं नाचवलं. बायको एकदाच म्हणाली, "अति शहाणा त्याचा बैल रिकामा," आणि नव्या पडद्यांना इस्त्री करायला घेतली.

शेवटी तो आला तो पाहुणा म्हणून. पासपोर्टवर भारतीय, परवानगी तीस दिवसांची. चोविसाव्या वर्षी स्वतःच्या खोलीत येऊन त्याने सुटकेस उघडून तशीच जमिनीवर ठेवली. कपडे कपाटात लावले नाहीत.

पहिल्या रविवारी आम्ही दोघं खाली हॉकर सेंटरवर, खाण्यापिण्याच्या स्टॉलांच्या मंडईत, गेलो. पेयांच्या स्टॉलवरच्या म्हाताऱ्या आंटीने त्याला लगेच ओळखलं. शाळेच्या गणवेशात तो तिच्याकडे मायलो प्यायचा.

"वाह, बॉय, सो लाँग नेव्हर सी! आर्मी फिनिश ऑलरेडी आह?"

"नेव्हर गो, आंटी."

"ओ," ती म्हणाली. तिने माझ्याकडे पाहिलं, मग कप आमच्यासमोर ठेवले आणि काहीच न सांडलेलं टेबल पुसून गेली.

त्या टेबलावर बसून तो शाळेतल्या मित्रांबद्दल सांगत राहिला. सगळे सैन्यातून बाहेर पडून जमाना झाला होता. हौगांगच्या त्या अकाउंटंटचा मुलगा इथल्याच विद्यापीठातून शिकून नोकरीला लागला होता आणि मैत्रिणीबरोबर नव्या सरकारी फ्लॅटसाठी अर्ज करून नंबर लागायची वाट बघत होता. मला विषय बदलायचा होता. मला दुसरं काही सुचेना, म्हणून मी विचारलं, "जांभळे पहिले का, ते एकदा नीट सांग. मार्कांनी सांग."

"मार्कांनी नाही सांगता येणार," तो म्हणाला. "त्यांचा चेंडू फेकणारा माहितीये ना? तो आधी दुसऱ्याच कॉलेजात होता. तीन वर्षं नुसता बाकावर. कोणी खेळायलाच घेईना."

"मग ती वर्षं फुकट गेली त्याची."

"नाही बाबा. तिथे एखादं वर्ष बाहेर बसून काढायची सोयच आहे. सराव करायचा, पोरांबरोबर राहायचं. खेळायच्या वर्षांत ते वर्ष मोजतच नाहीत. हाफ द टीम असतात तसे."

"मग तो जिंकला तेव्हा वय काय होतं?"

"तेवीस. सो व्हॉट?"

मी इतकी वर्षं त्या संघांचा गुण न् गुण पाठ केला होता, आणि खेळणाऱ्या पोरांची वयं एकदाही बघितली नव्हती. माझ्या तक्त्यात तसा रकानाच नव्हता. त्या तेवीस वर्षांच्या पोराला तिकडे कोणी मागे पडलेला म्हटलं नव्हतं. मला तिथे, त्या गर्दीत, स्वतःची लाज वाटली.

मी विचारून टाकलं. "मी तुझं नुकसान केलं का रे?"

इट्स ओके म्हणेल असं वाटलं होतं, सगळ्याला तो तेच म्हणतो.

"हो," तो म्हणाला. "मला जायचं होतं सैन्यात. सगळे जाणार होते. मी आईला सांगितलं होतं."

"मला कोणी सांगितलं नाही."

"आईने सांगितलं, बाबा. मी आत होतो, आय हर्ड."

आणि मग मला आठवलं. स्वयंपाकघरात उभी राहून ती म्हणाली होती, त्याला जायचंय, एकदा त्याच्याशी बोल. मी म्हणालो होतो, सोळा वर्षांच्या पोराला काय कळतं. एवढंच बोलणं. माझ्या मनातून ते इतकं साफ पुसलं गेलं होतं की पुढे आठ वर्षं मी चार लोकांत अभिमानाने सांगत आलो, आम्ही मुलावर काही लादलं नाही, त्याला विचारूनच केलं. घरच्या जेवणाच्या टेबलावरचं ते "अप टू यू" त्याने हरल्यावर म्हटलं होतं.

"मग पुन्हा अर्ज करू," मी म्हणालो. "दोन-चार वर्षं जाऊ देत. नियम बदलतात."

"नको, बाबा. प्लीज. आता काहीच करू नकोस."

तो ओरडून बोलला नाही. ओरडला असता तर मला भांडता आलं असतं. कप उचलून त्याने ट्रे ठेवायच्या जागी नेऊन ठेवला, लहानपणापासून इथल्या मुलांना शिकवतात तसा, आणि आम्ही घरी आलो.

त्यानंतर आमच्यात यादीचा विषय निघाला नाही. कुठलाच फार निघाला नाही. त्याने पुण्यात बाणेरला एका कंपनीत नोकरी धरली. ज्या शहरातून आम्ही त्याला पाचव्या वर्षी उचलून आणलं होतं, तिथे त्याचा एकही मित्र नाही. त्याचं मराठी ऐकून रिक्षावाले त्याच्याशी हिंदी बोलायला लागतात. पगार ठीक, काम ठीक. लोक मला फोनवर म्हणतात, अहो, आपलाच देश, आपलंच गाव, त्यात वाईट काय? मी हो म्हणतो. माझं गाव ते; त्याचं नव्हे, आणि हे मी कोणाला समजावत बसत नाही.

तो इथून पुण्याला निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी खोलीत डोकावलो तर दोन सुटकेस उघड्या होत्या.

"मीपण जाते," बायको म्हणाली. "त्याचं जरा बसवून देते. महिनाभर."

"महिनाभरच ना?"

"बघू," ती म्हणाली आणि कपड्यांच्या घड्या घालत राहिली.

पुण्यातल्या फ्लॅटचा भाडेकरार अकरा महिन्यांचा केला होता, तोही तिनेच फोनवरून. मी तिला थांब म्हणू शकत नव्हतो. कुठल्या तोंडाने म्हणणार? मी दाराशी उभा राहून पाहत राहिलो. ती भरत होती ती सगळी पुण्याची तयारी होती. तिची औषधं, पोह्यांची मोठी चाळण, कुकरची जास्तीची रिंग. पुण्याला थंडी पडायला अजून चार महिने होते. माळ्यावरच्या पेटीतून तिने स्वेटर काढले, झटकले, नाकाशी धरून वास पाहिला. त्याचे दोन ठेवले, तिचा एक ठेवला. माझा तिने नीट घडी घालून पेटीत परत ठेवला.